दुसरा पासवर्ड कुणाकडे?

शिराळा तालुक्यातल्या बचत गटांच्या कामातून आम्ही आपल्याशी बोलतोय. आज विषय आहे भिंतीवरच्या एका डब्याचा. दिवे लुकलुकणारा, वर दोन-चार काड्या उभ्या असलेला. घरातली पोरं त्याच्या आसपास घुटमळतात, पाहुणा आला की चहाच्या आधी त्याचा पासवर्ड विचारतो, आणि बाईला त्याची आठवण होते ती महिन्याचं बिल आलं की. या डब्याला राउटर म्हणतात. तो घरी कसा बसवायचा, ताकदीचा कसा निवडायचा, आपल्या गरजेप्रमाणे कसा लावून घ्यायचा, आणि त्याची किल्ली कुणाच्या हातात असावी, हे आज बोलू.

हे पोरांचं काम म्हणून रेडिओ बारीक करू नका. आपला बराच कारभार आता नेटवर गेलाय. गटाची माहिती लोकोस ॲपवर चढवायची असते. बँक सखीच्या मशीनवर अंगठा लावला तरी मागं नेट नसेल तर पैसे निघत नाहीत. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली तेव्हा ओटीपी येईना म्हणून किती जणी हातात फोन धरून टेकावर जाऊन उभ्या राहिल्या, ते आपण पाहिलंय. कोकरूडच्या पुढं चांदोलीकडं निघालं की डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत एका घरात रेंज असते, शेजारच्या घरात नसते. अशा ठिकाणी फायबरची तार आली आणि घरात वायफाय झालं की हेलपाटा वाचतो.

तरी एक आकडा ऐका. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायकांपैकी सुमारे ३८ जणींनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत हाच आकडा ६१च्या आसपास होता. गेल्या काही वर्षांत हे वाढलं असणार. पण घरात नेट असणं आणि बाईच्या हातात असणं यात अंतर आहे, हे आपल्याला कुणी आकड्यानं सांगायची गरज नाही.

आपल्या भागाला हे तंत्र नवीनही नाही. वारणानगर आपल्या नदीपलीकडं. १९९८ साली तिथं देशभर गाजलेला प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सत्तरेक गावं संगणकानं जोडायची, शेतकऱ्याला उसाची माहिती गावातच मिळावी, असं ते काम होतं. पुढं २००६-०७च्या सुमारास काही गावांत तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून बघितलं, कारण त्या कामाला साधा फोन पुरत होता आणि स्वस्त पडत होता. यातून आम्ही एवढंच घेतो की महागडी वस्तू आणण्याआधी आपलं काम काय आहे ते बघावं. आणि हो, उसाची नोंद बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असते, त्यामुळं त्या संगणकापुढं बाई जाऊन बसायचा प्रश्न फारसा आलाच नसेल. घरातल्या राउटरचं तसं होऊ नये.

आता आमच्या एका ग्रामसंघाचं सांगतो. गाव सांगत नाही, तुम्ही ओळखालच. कोषाध्यक्ष आक्कांच्या सोप्यात बैठक भरते, म्हणून त्यांच्याच घरी फायबर घेतलं. बारा जणींनी बिल वाटून घ्यायचं ठरलं. जोडणी करायला पोरगा आला, पंधरा मिनिटांत तार लावली, आक्कांच्या फोनवर नेट सुरू करून दिलं आणि गेला. पासवर्ड काय ठेवला? आक्कांचाच मोबाईल नंबर. तो तर अख्ख्या वाडीला पाठ! आठ दिवसांत संध्याकाळी घरासमोरच्या चिंचेखाली तरणी पोरं मॅच बघायला बसायला लागली. आणि सोप्यात लिपिका ताई लोकोसवर माहिती चढवत बसल्यात, तर चाक नुसतं गोल फिरतंय. तिथून आमचा हा अभ्यास सुरू झाला.

आधी खरेदीचं बघू. दुकानात गेलं की पहिला शब्द कानावर येतो, "ताकदीचा घ्या ताई, सहा अँटेनाचा." अँटेना जास्त म्हणजे रेंज जास्त, असा सरळ हिशोब नसतो. राउटरमधून निघणाऱ्या लहरींच्या ताकदीला सरकारनं मर्यादा घालून दिलेली आहे, आणि कायद्यानं चालणारा प्रत्येक राउटर त्याच मर्यादेत असतो. दुसरं कारण आपल्या बायकांना लगेच कळेल. समजा, तुम्ही डोंगराच्या या सोंडेवर कर्णा घेऊन उभ्या आहात आणि तुमची जाऊ त्या सोंडेवर नुसत्या तोंडानं बोलतेय. तुमचं तिला ऐकू जाईल, तिचं तुम्हाला येणार नाही. मग बोलणं व्हायचं कसं? राउटर आणि फोनचं तसंच आहे. फोनमधली वायफायची ताकद बारकी असते. राउटर कितीही ओरडला तरी फोनचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. म्हणून गोठ्यापर्यंत वायफाय हवं असेल तर एका मोठ्या राउटरपेक्षा मध्ये दुसरा लहान राउटर बसवणं बरं.

मग ताकद कशात बघायची? आतल्या मेमरीत, एका वेळी किती फोन सांभाळतो त्यात, आणि त्याची कंपनी वेळोवेळी सुधारणा पाठवते का त्यात. राउटर दोन पट्ट्यांवर चालणारा घ्या. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीतून लांब जाते पण धीमी असते, ५ गिगाहर्ट्झची जोरात असते पण दोन भिंतींत दमते. आपल्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाडीच्या, दगड-मातीच्या. तिथं ५चा जोर सोप्यापुरताच. माजघरात, स्वयंपाकघरात २.४च कामाला येते.

जागेवर तर निम्मा खेळ आहे. आम्ही बघितलेल्या घरांत राउटर कुठं कुठं होता सांगू? एका ठिकाणी टीव्हीच्या मागं. एका ठिकाणी लोखंडी कपाटावर. एका घरात दिवे बघून छान वाटतं म्हणून देव्हाऱ्याशेजारी, खाली पाण्याचा पिंप. एका घरात धूळ नको म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवून वर झाकण! लोखंड, पत्रा आणि आरसा लहरींना परत फिरवतात, पाणी त्या पिऊन टाकतं. राउटर घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवायचा. फडताळात कोंबायचा नाही, तो तापतो. आक्कांच्या घरी तो टीव्हीमागून काढून सोपा आणि माजघराच्या मधल्या दाराच्या वर लावला. एक पैसा खर्च न करता चुलीपाशी रेंज आली.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. राउटरला दोन पासवर्ड असतात. पहिला वायफायचा, तो सगळ्यांना माहीत असतो, पाहुण्यालाही देतो. दुसरा त्या डब्याच्या आतल्या कारभाराचा, त्याला ॲडमिन पासवर्ड म्हणतात. पहिला म्हणजे घराच्या उंबऱ्यातून आत यायची परवानगी. दुसरा म्हणजे गटाच्या पेटीची चावी. ज्याच्याकडं दुसरा असतो तो पहिला बदलू शकतो, कुणाचं नेट चालू ठेवायचं, कुणाचं बंद करायचं, कुणाला किती वेग द्यायचा, हे सगळं ठरवू शकतो. आमच्या तालुक्यातल्या गटांत आम्ही विचारत फिरलो, "दुसरा पासवर्ड कुणाकडं आहे?" बहुतेक घरांत उत्तर एकच, "असा काही असतो होय?"

तो कारखान्यातून येताना अगदी सोपा ठेवलेला असतो. पुष्कळ राउटरवर नावही ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातले लाखो राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. त्याच्याकडं फार मोठी विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नावा-पासवर्डांची यादी होती आणि तो प्रत्येक दारावर त्या चाव्या लावून बघत होता. ज्यांनी पासवर्ड बदललेला नव्हता त्यांची दारं उघडली.

आत जायचं कसं ते सांगतो, कागद-पेन घ्या. फोन त्या वायफायला जोडा. डबा उलटा केला की खाली चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. फोनवरच्या ब्राउझरमध्ये, वरच्या पत्त्याच्या पट्टीत तो इंग्रजी आकड्यांत टाका, मधल्या टिंबांसकट. नाव आणि पासवर्ड विचारणारं पान उघडेल. तेही त्या कागदावर असतं. नवीन राउटर असेल तर कंपनीचं ॲपही असतं, तेच काम त्यातूनही होतं.

आत गेलात की पहिल्यांदा ॲडमिन पासवर्ड बदला. नंतर वायफायचा बदला. मोबाईल नंबर, मुलाचं नाव, जन्मसाल नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून मध्ये एखादा आकडा घातला की चांगला लांब आणि लक्षात राहणारा पासवर्ड होतो. 'जात्यावर निळी म्हैस सत्तेचाळीस' असं काहीतरी. हाच ठेवू नका, आता तो रेडिओवर सांगून झालाय! वायफायच्या नावात आडनाव किंवा घर नंबर घालू नका. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-टू किंवा डब्ल्यूपीए-थ्री निवडा. डब्ल्यूपीएस नावाची एक सोय असते, बटण दाबून पासवर्डाशिवाय जोडायची. ती बंद करा. शेवटी सुधारणेचा, म्हणजे फर्मवेअर अपडेटचा रकाना बघा.

फायबर कंपनीनं दिलेल्या डब्यात काही वेळा दुसरा पासवर्ड ग्राहकाला देतच नाहीत. जोडणीच्या दिवशीच ठामपणे मागा. नाहीच मिळाला तर आपला स्वतःचा राउटर आणून कंपनीच्या डब्याच्या लॅन भोकातून आपल्या राउटरच्या वॅन भोकात तार घालायची. वॅनचं भोक बहुधा वेगळ्या रंगाचं असतं. मग सगळा कारभार आपल्या राउटरवर. डब्याच्या मागं टाचणीएवढ्या भोकात रीसेटचं बटण असतं. ते दहाएक सेकंद दाबून धरलं की डबा पुन्हा कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो. स्वतःच्या राउटरचा पासवर्ड विसरलात तर ते कामाला येतं. कंपनीच्या डब्याचं मात्र दाबू नका, जोडणीची माहिती पुसली जाऊन नेटच बंद पडू शकतं.

चिंचेखालच्या पोरांचं काय केलं ते राहिलं. त्यांना हाकलायला आक्का तयार नव्हत्या. "आपल्याच वाडीची लेकरं आहेत, कुणाची आई आजारी पडली तर गाडी तीच काढतात." बरोबरच आहे. त्यावर राउटरमध्ये सोय असते, गेस्ट नेटवर्क. म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड. पाहुण्यांच्या नेटवरून नेट चालतं, पण आपल्या घरातल्या बाकीच्या फोन-संगणकांपर्यंत, प्रिंटरपर्यंत हात पोचत नाही. त्याला वेगाची मर्यादा आणि वेळही घालता येते. बैठकीच्या दिवशी दुपारी तीन ते पाच पाहुण्यांचं नेट बंद, एरवी चालू. पोरांनीही ऐकलं.

वेग वाटायचं काम आपल्याला पाण्याच्या पाळीवरून समजेल. वरच्या शेतकऱ्यानं पाट फोडला की टोकाच्या रानाला थेंब येत नाही. नेटचं तसंच. एकानं मोठा सिनेमा उतरवायला लावला की बाकीच्यांची चाकं फिरत बसतात. चांगल्या राउटरमध्ये पाळी लावायची सोय असते, तिला क्यूओएस म्हणतात. लिपिका ताईंच्या फोनला पहिली पाळी, टीव्हीला नंतर, असं ठरवता येतं.

ज्यांना यापुढं जायचंय, म्हणजे ज्यांच्या घरी बीसीएस करणारी लेक किंवा आयटीआयचा मुलगा आहे, त्यांच्यासाठी थोडं जास्त सांगतो. राउटरमधला प्रोग्रॅम काढून दुसरा, मोकळा, कुणालाही बदलता येणारा प्रोग्रॅम घालता येतो. त्यात ओपन-डब्ल्यूआरटी हे नाव मोठं. त्याची गोष्ट गमतीची आहे. लिंक्सिस कंपनीचा निळा-काळा राउटर २००२च्या शेवटी बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स हा सर्वांना खुला असलेला प्रोग्रॅम वापरलाय, असं लोकांच्या ध्यानात आलं. त्याच्या परवान्याची अट अशी की वापरलात तर तुमचे बदलही लोकांना खुले करा. लोकांनी मागणी लावून धरली आणि २००३ मध्ये कंपनीला ते खुलं करावं लागलं. त्यातून २००४ मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी उभं राहिलं.

आपल्या देशात जानेवारी २००५ मध्ये घराबाहेर २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरायला परवाना लागणार नाही असा नियम झाला, आणि लगेच हिमाचलातल्या धर्मशाळेत असेच राउटर डोंगरावर बसवून शाळा, कचेऱ्या एकमेकांना जोडल्या गेल्या. एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं, अशी ती साखळी. तिथं अडचण काय यायची, तर माकडं अँटेनाला लोंबकळायची. चांदोलीच्या कडेला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

ओपन-डब्ल्यूआरटी घातलं की साध्या राउटरलाही पाळी लावायची फार चांगली सोय मिळते, जाहिराती अडवता येतात, वेळापत्रक बारीक लावता येतं. पण प्रत्येक राउटरवर ते चालत नाही. विकत घेण्याआधी त्यांच्या यादीत आपल्या मॉडेलचं नाव आणि मागचा आवृत्तीचा आकडा दोन्ही जुळवून बघा. साठवण १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी असलेला तरी घ्या. चुकीची फाईल चढवली तर डबा निकामी होऊ शकतो, आणि वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं. म्हणून गटाच्या चालू राउटरवर हा प्रयोग करू नका. घरातल्या जुन्या राउटरवर पोरीला हात बसवू द्या.

आता जरा अवघड बोलतो. राउटरच्या पानावर जोडलेल्या सगळ्या फोनांची यादी दिसते. कुठला फोन कधीपासून जोडलाय ते दिसतं. एकेक फोन बोट लावून बंद करता येतो. रात्री नऊनंतर अमुक फोन बंद, असा नियम लावला की तो रोज आपोआप बंद पडतो. मुलांसाठी ही सोय चांगली आहे. पण बैठक चालू असताना एका सभासद ताईंचे मालक सोप्याच्या दारात आले आणि आक्कांना म्हणाले, "तुमच्याकडं ते बटण आहे म्हणं. आमच्या सुनेचा फोन नऊनंतर बंद करून ठेवा." घरं लागून, ग्रामसंघाचंच वायफाय त्यांच्याकडं चालत होतं. आवाज चढवून नाही, सहज म्हणाले, मोटर बंद करा म्हणावं तसं. सून तिथंच बसलेली, तीही गटाची सभासद. कुणी काही बोलेना.

आक्कांनी तिलाच विचारलं, "काय गं, नऊनंतर काय करतेस फोनवर?" ती म्हणाली, "आईशी बोलते. दिवसा वेळ मिळत नाही. आई व्हिडिओवर दिसते तेवढीच." मामांनी ऐकलं, काही न बोलता निघून गेले. सासूबाई म्हणाल्या, "मलाही माहीत नव्हतं."

त्या दिवशी हिशोब बाजूला राहिला आणि तासभर यावरच चर्चा झाली. सगळ्यांचं एकमत झालं असं सांगणार नाही. एका ताईंचं म्हणणं होतं, माझी पोरगी चौदा वर्षांची आहे, रात्री बारापर्यंत रील बघते, सकाळी शाळेला उठत नाही, मला ते बटण पाहिजेच. दुसरी म्हणाली, तुझा पोरगाही सोळाचा आहे, त्याचं बटण का मागत नाहीस? यावर बराच वाद झाला. शेवटी इतिवृत्तात ठराव लिहिला तो असा. अठरा वर्षांखालच्या मुलाचं किंवा मुलीचं नेट रात्री बंद ठेवायचं असेल तर आईनं आधी त्या लेकराला सांगायचं, आणि घरात मुलगा-मुलगी दोन्ही असतील तर दोघांना एकच वेळ. मोठ्या बाईचा फोन तिनं स्वतः सांगितल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायचा नाही, मग सांगणारा नवरा असो, सासरा असो की ग्रामसंघाची अध्यक्ष असो. आणि यादीत काय दिसलं ते बाहेर बोलायचं नाही. कुणाचा फोन रात्री किती वाजता जोडला होता, हा पाणवठ्यावरचा विषय नाही.

आम्हाला हा ठराव त्या राउटरपेक्षा जास्त कामाचा वाटतो. गटानं पेटी घेतली तेव्हाही असंच झालं होतं ना? पेटी एकीच्या घरी, चावी दुसरीकडं. दुसरा पासवर्डही आम्ही तसाच ठेवलाय. तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकीट पेटीत. राउटर आक्कांच्या घरी आहे, पण पान उघडायचं ते दोघी मिळून, एकटीनं नाही.

राउटरला काय दिसतं आणि काय नाही हेही माहीत असू द्या, म्हणजे उगाच कुणी भीती घालणार नाही. ज्याच्या हातात ॲडमिन पासवर्ड आहे त्याला कोणता फोन जोडलाय ते दिसतं, आणि काही राउटरवर कुठल्या साइटला गेलात त्यांची नावं दिसतात. तुमचे व्हॉट्सॲपचे निरोप, बँकेचा पिन, व्हिडिओवरचं बोलणं, यातलं काही राउटरवरून वाचता येत नाही. फोनचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावर गेलात की राउटरला काहीच दिसत नाही. घरात कुणी फोनवरून, नेटवरून छळत असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तो साध्या फोनवरूनही लागतो.

फसवणुकीचा नंबर १९३०. पैसे गेल्याचं कळलं की त्याच घटकेला लावायचा, उशीर झाला तर पैसे पुढं पुढं सरकत जातात. आमच्या गटांत हा नंबर पाठ करून घ्यायला सोपं गेलं, कारण १९३० हे बिळाशीच्या जंगल सत्याग्रहाचं साल.

शेजाऱ्यांकडून पैसे घेऊन वायफाय द्यावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. घरचं कनेक्शन असं परस्पर विकता येत नाही. जोडणी ज्याच्या नावावर, त्यावरून कुणी काही वाकडं केलं तर पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. पण पैसे मिळवायचे असतील तर सरळ वाट आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. तिच्यात लहान दुकानदार, चहावाला किंवा आपल्यासारखा गट सार्वजनिक वायफाय ठेवून वापराचे पैसे घेऊ शकतो. त्याला लायसन्स लागत नाही. येणारा माणूस आपल्या मोबाईल नंबरवर ओटीपी घेऊन जोडतो, म्हणजे कोण जोडलं याची नोंद राहते. ज्या गटाचं एसटी थांब्याजवळ दुकान आहे त्यांनी याचा विचार करावा.

राहिली वीज. आपल्याकडं वळीव आला की आधी कडकडाट, मग दिवे जातात. फायबर ही काचेची बारीक तार, तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळं तिच्यातून झटका येत नाही. झटका येतो तो अडॅप्टरमधून, खांबावरून आलेल्या लाइनीतून. म्हणून ढग गडगडायला लागले की अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. या घरातून त्या घरात उघड्यावरून लॅनची तार ओढू नका, ती तांब्याची असते, दोन्हीकडचे डबे एकदम जातात. दिवे गेल्यावरही नेट चालू हवं असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना आपल्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलेत ते फोटो काढून दुकानदाराला दाखवा. पुष्कळ राउटर १२ व्होल्टवर चालतात, काही ९ वर. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर थोडे जास्त चालतात. कंपनीचा डबा आणि आपला राउटर असे दोन असतील तर यूपीएस दोन्हींना पुरेल असा हवा, एकच चालू राहून उपयोग नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडं दोघी मिळून ते पान उघडतात. अनोळखी फोन दिसतोय का बघतात, सुधारणा आली असेल तर घेतात, डब्यावरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसतात आणि वहीत तारीख टाकून दोघींच्या सह्या करतात. पाच-सात मिनिटांचं काम. तुमच्या गटात राउटर असेल तर येत्या बैठकीत विषय घ्या, आणि डबा उलटा करून त्याखालचा कागद वाचा.